हिशेब चुकला तरी नोंद हवी

‘मी फारसे काही खातच नाही, तरी वजन उतरत नाही’ हे वाक्य आहारतज्ज्ञांना पाठ असते, आणि ते म्हणणारा माणूस सहसा खोटे बोलत नसतो. अशाच तक्रारीचे दहा जण न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स-रुझवेल्ट रुग्णालयातल्या संशोधकांनी तपासले. दिवसाला बाराशेपेक्षाही कमी कॅलरी खातो, तरी वजन हलत नाही, असे या मंडळींचे म्हणणे होते. थायरॉइड किंवा मंद चयापचय हे कारण असेल, असे त्यांना मनापासून वाटत होते. तपासणीत त्यांचे चयापचय अगदी सर्वसाधारण निघाले. मग त्यांचा खरा खर्च मोजला गेला, आणि त्यासाठी वापरलेली पद्धत मोठी नामी आहे. माणसाला हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जड समस्थानिक असलेले पाणी प्यायला देतात. हा हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, तर ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. पुढचे काही दिवस लघवीच्या नमुन्यांत दोहोंचे प्रमाण कसे घटते ते पाहिले, की दोहोंतल्या फरकावरून शरीराने किती इंधन जाळले हे कळते. माणूस काय सांगतो याचा या मापनाशी संबंधच उरत नाही. १९९२ साली स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. या लोकांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवले होते आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त.

या प्रयोगाचा दाखला देऊन अनेक जण म्हणतात, की मग आहाराची वही ठेवण्यात अर्थ काय? लिहिणारा स्वतःलाच फसवणार असेल तर पाने कशाला भरायची? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद दुसरा एक पुरावा समोर ठेवला की अडखळतो. अमेरिकेतल्या कायझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या संशोधन केंद्राने २००८ साली सुमारे सतराशे लोकांचे निष्कर्ष मांडले. हे सगळे वीस आठवड्यांच्या वजन घटवण्याच्या कार्यक्रमात होते. आहार, व्यायाम आणि गटातल्या बैठका सर्वांना सारख्याच होत्या. ज्यांनी रोज खाल्लेले लिहिले, त्यांचे वजन काहीच न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरले. आता यांच्या नोंदी न्यूयॉर्कच्या त्या दहा जणांपेक्षा फार काटेकोर असतील, असे मानायला काही आधार नाही. म्हणजे नोंद चुकीची असते हेही खरे आणि नोंदीचा उपयोग होतो हेही खरे. दोन्ही एकाच वेळी खरे असायचे तर एकच अर्थ निघतो: वहीचे काम हिशेब जुळवण्याचे नाहीच. घास तोंडात जाण्याआधी किंवा गेल्यावर लगेच क्षणभर थांबून त्याची दखल घेणे, एवढेच तिचे काम आहे. बेरीज चुकली तरी दखल घेतली गेलेली असते.

या तर्काला बळ देणारा आणखी एक अभ्यास २०१९ सालचा आहे. व्हरमाँट आणि साउथ कॅरोलायना या विद्यापीठांच्या संशोधकांनी १४२ जणांच्या ऑनलाइन नोंदी सहा महिने तपासल्या. सुरुवातीच्या महिन्यात लोकांना नोंदीला दिवसाकाठी तेवीस मिनिटे लागत होती. सहाव्या महिन्यात ती पंधराच्या आत आली. कोण किती वेळ देतो यावर वजन उतरणे अवलंबून नव्हते. दिवसातून किती वेळा नोंद होते, यावर मात्र होते. रात्री झोपताना अर्धा तास बसून दिवसभराचे सविस्तर आठवणारा मागे पडला आणि प्रत्येक खाण्यानंतर दोन शब्द खरडणारा पुढे गेला, असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे वही ठेवायची म्हटले की लोक आधी सुरेख रकाने आखतात, ग्रॅममध्ये मोजणारा काटा मागवतात आणि चौथ्या दिवशी सगळे बासनात जाते. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत ‘१० वा. चहा, २ खारी’ असे लिहिणे शास्त्राला अधिक धरून आहे.

इथे एक आक्षेप रास्त आहे. रोज लिहिणारा माणूस मुळातच शिस्तीचा असतो. त्याचे वजन वहीमुळे उतरले की शिस्तीमुळे, हे कसे ठरवायचे? या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणू नये. २०११ साली या विषयावरच्या बावीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांनीही नोंद आणि वजनघट यांचा संबंध जवळजवळ सगळीकडे दिसतो, पण पुराव्याची प्रत कमकुवत आहे, असेच लिहिले. तरीही नोंदीच्या बाजूने झुकावे असे मला वाटते, कारण ती नेमके काय उघडे पाडते हे समजण्यासारखे आहे. सॉल्क इन्स्टिट्यूटचे सच्चिदानंद पंडा आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली दीडशेहून अधिक लोकांना प्रत्येक खाण्यापिण्याचा फोटो फोनवर काढायला सांगितला. दिवसातून तीन वेळा जेवणे ही सर्वमान्य समजूत त्या फोटोंत कुठे सापडेना. निम्म्याहून अधिक लोकांचे खाणे दिवसाच्या पंधरा किंवा त्याहून जास्त तासांत विखुरलेले होते.

मराठी घरात हे विखुरलेले खाणे कुठे असते ते सांगायला फोटोंची गरज नाही. आमटीची चव बघणे, पोळ्या लाटताना तोंडात टाकलेला शेंगदाण्याचा कूट, मुलाच्या ताटात उरलेला अर्धा पराठा ‘वाया जायला नको’ म्हणून संपवणे, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा, संध्याकाळी टीव्हीसमोर फरसाणाचा उघडा डबा. यातले काहीच ‘जेवण’ नसते, त्यामुळे ते स्मरणातही राहत नाही. चहाचेच घ्या. कपाला दोन लहान चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली, तर चार कपांत चाळीस ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी नुसत्या साखरेच्या. दूध आणि बिस्किटे वेगळीच. ‘मी फारसे काही खात नाही’ म्हणणारा माणूस जेवणापुरते खरेच बोलत असतो. त्याचा बराचसा आहार जेवणाबाहेर असतो, एवढेच.

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी आहारावरून मोठा वाद झडला. एकीकडे डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत दिवसातून दोनदाच जेवा, ते पंचावन्न मिनिटांत आटपा, असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित, दुसरीकडे थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर. घरोघरी, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सअॅपवर लोकांनी बाजू घेतल्या. या वादात कोण बरोबर, हा माझा विषय नाही. पण ‘दोनदाच खातो’ म्हणणारा खरोखर दोनदाच खातो का, आणि ‘थोडे थोडे’ खाणाऱ्याचे थोडे किती, हे दोन्ही बाजूंच्या अनुयायांपैकी किती जणांना सांगता आले असते? कोणताही आहार पाळून तो आपल्याला लागू पडतो की नाही हे ठरवायचे, तर तो पाळला गेला की नाही हे आधी माहीत हवे.

घरच्या स्वयंपाकाबाबतचा आक्षेप याहून वजनदार आहे. पाश्चात्त्य माणूस पाकिटावरचा आकडा वाचून लिहितो. आपल्याकडे एका कढईत चार माणसांची भाजी होते, भाकरी कुणाची जाड तर कुणाची पातळ, फोडणी डोळ्यांच्या अंदाजाने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे घटक आहेत, पण ते मुख्यतः कच्च्या जिनसांचे. ज्वारीच्या पिठाचा आकडा मिळतो. तुमच्या घरच्या भरल्या वांग्याचा मिळत नाही. अॅपमध्ये ‘पोहे, एक प्लेट’ असे शोधले की वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळे आकडे दिसतात, आणि कोणती प्लेट हे कुणीच सांगत नाही. हे सगळे मान्य. पण याचा निष्कर्ष ‘नोंद अशक्य’ असा निघत नाही, ‘कॅलरीत नोंद अशक्य’ एवढाच निघतो. घरातली तीच वाटी, तोच डाव, तीच पळी हे माप पुरेसे आहे, कारण तुलना स्वतःच्या कालच्या दिवसाशी करायची आहे. काल दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ. आज तीन भाकऱ्या, अर्धी वाटी उसळ. एवढ्यावरून दिशा कळते.

काही गोष्टींची नोंद तर ताटापाशी करायचीच नसते. तेलाचे उदाहरण त्यासाठी उत्तम. कोण कोणत्या भाजीतून किती तेल खाते हे मोजणे वेडेपणाचे, पण महिन्याच्या वाणसामानाची यादी आपोआप ते मोजत असते. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी एक लिटर, म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम, दिवसाला तीस ग्रॅम. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, म्हणजे दिवसाकाठी सुमारे २७० कॅलरी, तूप आणि बाहेरचे तळण सोडून. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. ज्या घरात सहा लिटर लागते त्यांनी भाकरीचे तुकडे मोजण्यापेक्षा किराण्याच्या चिठ्ठीत दुरुस्ती करावी. उपवासाचेही असेच आहे. पाऊण मूठ शेंगदाण्याचा कूट आणि चमचाभर तूप घातलेली, पंचाहत्तर ग्रॅम कच्च्या साबुदाण्याची खिचडी साडेपाचशे कॅलरींच्या घरात जाते, म्हणजे दोन पोळ्या, भाजी, वरण, भात अशा साध्या जेवणाएवढी. फरक असा, की जेवण वहीत ‘जेवण’ म्हणून उतरते आणि खिचडीपुढे ‘आज उपास’ असे लिहिले जाते.

व्यायामाच्या नोंदीकडे वळताना एक गोष्ट आधीच ठाम सांगायला हवी: खाण्याचा आणि व्यायामाचा हिशेब एकाच पानावर मांडून एकातून दुसरे वजा करू नये. बहुतेक अॅप नेमके हेच करतात. सकाळी चाललात, तीनशे कॅलरी ‘कमावल्या’, आता संध्याकाळी तेवढ्या खायला मोकळे. ही वजाबाकी दोन्हीकडून फसवते. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगाने चालला तर सुमारे दीडशे कॅलरी जळतात, पण त्यातल्या पस्तीसेक तो खुर्चीत बसून राहिला असता तरी जळाल्याच असत्या. हाती उरतात सव्वाशेच्या आत. चौकातला वडापाव याच्या साधारण दुप्पट असतो. मनगटावरचे घड्याळ याहून अचूक सांगेल या भ्रमातही राहू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली अशी सात उपकरणे तपासली, तेव्हा बहुतेकांनी नाडीचे ठोके बऱ्यापैकी बरोबर मोजले; पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या आकड्यात सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के.

यंत्र माणसाऐवजी दखल घेऊ लागले की काय होते, याचे एक उदाहरण पिट्सबर्ग विद्यापीठाने घालून दिले आहे. तिथे ४७१ तरुण-तरुणींवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. आहार, व्यायाम, समुपदेशन सगळ्यांना. सहा महिन्यांनंतर एका गटाने हालचाल आणि आहार स्वतः नोंदवायचा, तर दुसऱ्याने दंडावर बांधायचे हालचाल मोजणारे उपकरण वापरायचे. २०१६ साली निकाल आला तेव्हा उपकरणवाल्यांचे वजन साडेतीन किलोने उतरले होते, स्वतः नोंदवणाऱ्यांचे ५.९ किलोने. कारणाबद्दल संशोधकांत मतभेद असू शकतात, पण ‘घड्याळ सगळे टिपतेच आहे, मी वेगळे कशाला लिहू’ या आक्षेपाला मी हाच प्रयोग उत्तर म्हणून देईन. आहाराच्या अॅपचीही गत वेगळी नाही. अमेरिकेत डॉक्टरांकडे येणाऱ्या २१२ वजनदार रुग्णांपैकी निम्म्यांना एक लोकप्रिय अॅप देऊन पाहिले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता, कारण पहिल्या महिन्यानंतर ते उघडण्याचे प्रमाणच झपाट्याने घसरले होते.

मग घरच्या व्यायामाचे लिहायचे काय? मिनिटे आणि आकडे, बस. आपल्याकडे हे नवे नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला; आजही नमस्कार घालणारा माणूस ‘पंचवीस झाले’ असेच सांगतो, ‘शंभर कॅलरी झाल्या’ असे नाही. ही मोजण्याची रीत शहाणपणाची आहे. बारा नमस्कार, वीस बैठका, भिंतीला हात टेकून पंधरा जोर, जिन्याचे चार मजले, वीस मिनिटे चालणे: पुढच्या आठवड्यात हे आकडे वाढले की नाही ते दिसते, आणि त्यासाठी ना जिम लागते ना उपकरण. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढेही करत नाहीत, आणि बायकांत हे प्रमाण पुरुषांहून जास्त आहे. व्यायामाने वजन झपाट्याने उतरत नाही, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच. पण उतरलेले वजन टिकवण्यात त्याचा वाटा मोठा दिसतो. वजन उतरवून ते टिकवलेल्या हजारो लोकांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यांतले दहापैकी नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात.

वहीत वजनाचा आकडा लिहायचाच, पण त्याच्या शेजारी कमरेचा घेर हवा, आणि याचे कारण पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी दडलेली असू शकते, आणि मधुमेहाशी तिचाच जवळचा संबंध आहे. म्हणून आपल्याकडे कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. वजनकाटा रोज वर-खाली होतो, कारण शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. लोणचे-पापडाच्या मिठानेही पाणी धरले जाते. एका दिवसाच्या आकड्यावर हुरळू किंवा खचू नये. आठवड्याची सरासरी पाहावी.

नोंदीचे खूळ डोक्यात जाते, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खाण्याशी निगडित मानसिक आजार असलेल्या १०५ जणांना २०१७ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात विचारले, तेव्हा तीन चतुर्थांश लोकांनी कॅलरी मोजणारे अॅप वापरले होते आणि वापरणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना त्याने आपला आजार वाढवला असे वाटत होते. वाढत्या वयातली मुले-मुली, पूर्वी असा त्रास झालेली माणसे, एक पोळी जास्त झाली म्हणून रात्रभर तळमळणारी माणसे यांनी हा उद्योग करू नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण औषध तेच आणि अन्न कमी झाले की साखर धोक्याच्या पातळीला घसरू शकते. बाकीच्यांच्या बाबतीत कॅलरीऐवजी वाटी आणि मिनिटे लिहिण्याचा हाही एक फायदा आहे, की त्यात शून्याला आणायचा कुठला आकडाच नसतो.

एक अडचण वहीच्या हाताबाहेरची आहे. स्वयंपाक करणारी एक आणि वजन उतरवायला निघालेला दुसराच, हे आपल्या घरांचे नेहमीचे चित्र. नवरा वही लिहितो, त्याच्यासाठी वेगळी भाजी करते ती. आणि सासूबाईंनी ‘एवढेसे काय वाढलेस’ म्हटले की वहीची मात्रा चालत नाही. उलट तिला स्वतःची नोंद ठेवायची असेल, तर तिचे खाणे सगळ्यांच्या नंतरचे, उभ्याउभ्याचे, उरल्यासुरल्याचे; ते लिहायला जागाही धड नसते. अशा घरात वही एकट्याची न ठेवता स्वयंपाकघराची ठेवावी: आज काय शिजले, तेल किती संपले, गोड कितीदा झाले. मग बोलणी एकालाच खावी लागत नाहीत.

किती दिवस लिहायचे? जन्मभर कुणी लिहीत नाही, लिहूही नये. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत आपल्या सवयी ओळखीच्या झाल्या की आठवड्यातून एकदा वजन आणि कंबर पुरते. दोन किलो वाढले की वही पुन्हा काढायची. एक काळ मात्र सोडू नये. अमेरिकेत १९५ प्रौढांचे वजन नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणासुदीत मोजले, तेव्हा सरासरी वाढ निघाली अवघी ०.३७ किलो. लोकांना स्वतःला ती याच्या कितीतरी पट वाटत होती. पण ही इवलीशी वाढ पुढच्या वर्षभरात उतरली नाही, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. आपल्याकडे गणपती, दसरा, दिवाळी आणि मागोमाग लग्नसराई असा हंगाम याहून लांबलचक असतो, आणि नेमक्या याच दिवसांत ‘आता दिवाळीनंतरच’ म्हणून वही कपाटात जाते. फराळ खाऊ नये असे कुणी म्हणत नाही. ‘चकल्या ४, लाडू २’ असे लिहून खावा.